बंदूक आणि हाताची सवय
(शस्त्रपरवानाधारकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वसंरक्षणासाठी वा पीकसंरक्षणासाठी परवाना मिळणे वेगळे आणि शस्त्र हाताळण्याची सवय अंगी बाणणे वेगळे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. परंतु सवय ज्याची त्यानेच लावून घ्यावयाची असते.

महाविद्यालयात असताना राष्ट्रीय छात्रसेनेत मी प्रथम रायफल हाती घेतली. आमच्या हवालदारसाहेबांनी कित्येक दिवस गोळीच दिली नाही. खटका उघडा, आत पाहा, नळी समोर, बोट चापाबाहेर, एवढेच. आम्हांस कंटाळा येई. पुढे चांदमारीच्या दिवशी शेजारच्या छात्राची गोळी अडकली आणि तो गोंधळून रायफलीसह आमच्याकडे वळला. त्याचे बोट चापाबाहेर होते, म्हणून आज मी आपणांपुढे उभा आहे.

दुनळी बंदूक मोडून आत पाहता येते. कोकणात अजून आढळणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. "रिकामी आहे" हा शब्द तेथेच फार फसवतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री असताना गज नळीच्या तळापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे केव्हाही गज सोडला आणि खूण नळीबाहेर राहिली, तर आत बार आहे असे समजावे. हे पाहताना तोंड नळीवर आणू नये.

नेमबाजीत स्थिर बैठक, पुढच्या माशीवर नजर आणि चापावर हळूहळू वाढणारा दाब, एवढे साधले की पुष्कळ साधले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते वर्षानुवर्षांच्या सरावानेच. मात्र त्यांचे लक्ष्य उजेडात असते. आपल्यापुढे काळोखात ऊस खसफसतो. ते डुक्कर की पाणी पाजायला गेलेला शेजारी? विजेरीच्या उजेडात लक्ष्य आणि त्यामागे काय आहे हे दिसेपर्यंत चापाला बोट लावू नये.

भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु आवश्यक तेवढ्याच बळापुरता. आणि वरातीत बार काढणाऱ्यांना सांगावे, की २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा केलेली बंदूक परत आणली, म्हणजे कुलपात ठेवण्यापूर्वी तीही उघडून किंवा गज सोडून पाहावी.