छतावर पाणी थांबतं कुठे?



पावसाळ्यात छत गळायला लागलं की आपण पहिलं विचारतो, "वरून काय लावू?" माझं म्हणणं असं, की आधी विचारा, "पाणी थांबतंय कुठे?"

मंगळुरी कौलांचं घर आठवा. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ही कौलं किनारपट्टीभर पसरली. कौल म्हणजे भाजलेली माती, ते थोडं पाणी पितंच. तरी आत कोरडं राहतं, कारण उतारावर पाणी टिकत नाही. मराठवाड्यातल्या कमी पावसात मातीचं माळवद चाललं, पण त्यालाही ढाळ आणि पन्हळ असायची.

मग स्लॅब आला आणि सिमेंटमधून पाणी जात नाही, असं आपण धरून चाललो. काँक्रीटला बारीक छिद्रं असतात, चिरा असतात. साचलेलं पाणी हळूहळू सळईपर्यंत पोहोचतं. सळई गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट फोडतो. म्हणजे प्रश्न रंगाच्या पोपड्यांचा नाही, स्लॅबच्या ताकदीचा आहे.

उपाय तीन. पहिला ढाळ: १०० फुटांना निदान १ फूट. २५ फुटांच्या गच्चीला ३ इंच. दुसरा कोपरे. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाईचा वाटा करून घ्या आणि जलरोधक थर कठड्यावर फूटभर चढवा. तिसरा पाइपचं तोंड. ती गच्चीतली सगळ्यात खालची जागा हवी आणि थर पाइपच्या आत वळलेला हवा. वर फरशी बसवण्याआधी तोंडं बंद करून इंचभर पाणी ३ दिवस साठवा आणि खालून ओल येते का बघा.

एक धोका सांगतो. जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकू नका. विटांच्या तुकड्यांचा ४ इंची कोबा चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. गंजलेल्या स्लॅबवर हे ओझं चढवायचं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

पुढचा पाऊस थांबला की तासाभरानं गच्चीवर जा. डबकं दिसेल, त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढा. कंत्राटदाराला आधी ती रेघ दाखवा, दर नंतर विचारा.