काकवी ते ढेप: काही अंशांचं अंतर

काकवी आणि गुळाची ढेप, दोन्ही उसाच्या रसातून एकाच काहिलीत तयार होतात. फरक असतो तो मोजक्या अंशांचा. उकळता रस साधारण 105 अंश सेल्सिअसला उतरवला तर काकवी मिळते. 118 अंशांच्या आसपास नेला तर थंड झाल्यावर घट्ट गूळ होतो. पाणी उडत जातं तसा रसाचा उत्कलनबिंदू चढत जातो. म्हणजे तापमान कळलं की आत किती पाणी उरलंय, तेही कळतं.

कोल्हापूरकडचा अनुभवी गुळव्या हे हातानेच ओळखतो. उकळत्या पाकाचा थेंब तो गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर आपटतो. टणक आवाज आला की काहील उतरवायची, क्षणभरही थांबायचं नाही. ही कला माझ्या मते पक्कं शास्त्र आहे.

ऊस तोडून बरेच दिवस पडला असेल, तर मात्र हे कसबही अपुरं पडतं. आम्लता आणि उष्णता यांमुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं, ढेप मऊ पडते, पाझरते. म्हणून आम्लता कमी करायला रसात चुन्याची निवळी घालतात; ती जास्त झाली की गूळ काळपट होतो.

पावसाळ्यात गूळ हवाबंद डब्यातच ठेवा आणि त्याला ओला हात लावू नका.