बरी झालेली गाय आणि गोचीड-ताप

गोचीड-ताप म्हणतात त्यात दोन-तीन वेगळे आजार येतात. आज त्यातला एकच घेऊ, ॲनाप्लाझ्मा. लघवी लाल झाली की आपण घाबरून डॉक्टरांना बोलावतो, तो बबेसिया. ॲनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही, म्हणून तो उशिरा कळतो. गाय चारा सोडते, दूध आटतं, डोळ्याची आतली कड पांढरी किंवा पिवळी पडते. वासरं बहुधा निभावतात, मोठ्या गाईला तो जड जातो.

इंजेक्शनानं ताप उतरतो आणि आपण म्हणतो, सुटली गाय. पण जंतू बहुतेक वेळा तिच्या रक्तात थोडा थोडा राहतोच, कित्येकदा जन्मभर.

कसा राहतो? गाईचं शरीर जंतूला त्याच्या अंगावरच्या प्रथिनावरून ओळखतं. त्या प्रथिनाचं एक पूर्ण जनुक जंतू वापरत असतो, आणि त्याचेच अर्धवट तुकडे बाजूला असतात, आपल्या बोचक्यातल्या चिंध्यांसारखे. ते तुकडे मूळ जनुकात जोडले जातात आणि गोधडीसारखं नवं पांघरूण तयार होतं. शरीर जुनं पांघरूण ओळखून जंतू मारतं, तेव्हा नव्या पांघरुणाचे वाचतात आणि वाढतात. काही आठवड्यांनी तेही ओळखलं जातं, तोवर तिसरं तयार. जंतूला अक्कल आहे असं नाही हं, जो वाचला तो उरला, एवढंच.

गोचिडीच्या पोटात मात्र त्याला वेगळं घर मिळतं. तिथे तो आतड्याच्या पेशींत शिरतो, मग लाळेच्या ग्रंथींत. त्यासाठी काही निराळी प्रथिनं बनवतो.

गोचिडीच्या अंड्यांतून हा जंतू सहसा पुढे जात नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना तो मिळतो आपल्या बऱ्या झालेल्या गाईकडूनच. नर गोचीड एका गाईवरून दुसरीवर जाते आणि आजार पोचवते. चावणाऱ्या माश्याही पोचवतात, आणि एकच सुई सगळ्या गोठ्याला वापरली तर सुईसुद्धा. तेव्हा डॉक्टरांना दर जनावरामागे नवी सुई मागा, लाजू नका.

गटातून नवी गाय घेताना रक्त तपासून घ्या. काचेवरच्या साध्या तपासणीत असे थोडे जंतू दिसत नाहीत. पीसीआर किंवा अँटिबॉडीची तपासणी होईल का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि तिला गोठ्यात बांधण्याआधी कान, शेपटीचा बुडखा, कास, जांघ, सगळीकडे हात फिरवून गोचिडी बघा.