वहीचं मागचं पान

ऑक्टोबर हीट, सोयाबीनची काढणी आणि वरून परतीचा पाऊस. परभणीत हे दिवस कसे जातात, ते तुम्हाला काय सांगायचं.

दोन वर्षांपूर्वी मी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी होतो. वावरात कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं. बाबा बोलेनात. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रील्स बघत पडायचो.

एका रात्री हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'भीती वाटते.' कशाची? मला वाटत होतं, डेडलाईनची. चार ओळींनंतर हातून आपोआप आलं, 'बाबांची.'

१९८६ मध्ये अमेरिकेत पेनबेकर आणि बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनातलं जड लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना उलट वाईटच वाटलं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. म्हणजे पहिल्या दिवशी रडू आलं तर वही फेकू नका.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनीही दळणकांडणाचा शीण अभंगात सांगितलाच की. (ते जर्नलिंग नव्हतं, मान्य!)

ॲप नको. मी स्वतः ॲप बनवतो, म्हणून सांगतोय: नोट्स उघडाल आणि व्हॉट्सॲपवर जाल. साधी वही घ्या, शुद्धलेखन विसरा. आणि जगणंच नको वाटत असेल तर वहीवर थांबू नका, टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो.

सकाळी चहाला मी विचारलं, "बाबा, झोप लागली का?"

"नाही लागली," म्हणाले. मग तासभर बोलत बसलो.