पानिपतची वाट आणि दुचाकीस्वार



पानिपत म्हटले की मराठी मनाला १४ जानेवारी १७६१ हा दिवस आठवतो. दरवर्षी त्या तारखेस महाराष्ट्रातून अनेक जण काला आंब येथील स्मारकास वंदन करण्यासाठी जातात. काही तर दुचाकीवरून. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरची ही वाट राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून जाते. ऐन थंडीत तेथे दाट धुके उतरते, आणि मोटारी, मालमोटारी व दुचाक्या एकाच रस्त्याने धावत असतात. अशा वेळी अधिक जबाबदारी मोटारचालकाची ठरते. कारण त्याच्याभोवती पोलादी कवच असते, दुचाकीस्वाराभोवती काहीच नसते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

‘दुचाकी दिसलीच नाही’ हे चालकाचे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण ते पुरेसे नसते. अरुंद वाहन असते त्याहून दूर आणि संथ भासते. पुढील काचेच्या कडेचा खांब अख्खी दुचाकी झाकू शकतो, आणि आरशालाही सारे दिसत नाही. म्हणून वळताना किंवा मार्गिका बदलताना आरशात पाहावे आणि मान वळवूनही पाहावे.

दुचाकीस्वार अनेकदा ब्रेक न दाबता, केवळ मूठ सैल करून वेग उतरवतो. तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. यास्तव तीन सेकंदांचे अंतर राखावे. ताशी ६० किलोमीटर वेगाला ते ५० मीटर भरते. धुक्यात अंतर वाढवावे, वेग घटवावा आणि दिव्याचा झोत खाली ठेवावा. खड्डा चुकवताना दुचाकी एकाएकी बाजूला सरते. म्हणून तिला ओलांडताना पुरेशी जागा सोडावी.

थांबलेल्या मोटारीचे दार दारापासून दूरच्या हाताने उघडावे. त्यामुळे शरीर वळते आणि नजर सहज मागे जाते. ही सवय मागच्या आसनावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आजपासून लावून घेता येईल.

शिरस्त्राण घालणे आणि वेग आवरणे हे दुचाकीस्वाराचे कर्तव्य आहेच. तथापि त्याच्या हातून चूक झाली, तरी तिची किंमत प्राण ही नसावी. मराठीत सर्वनाशाला ‘पानिपत’ म्हणतात. ज्या घरचे माणूस रस्त्यावरून परत येत नाही, त्या घराचे पानिपतच होते. ते टाळण्यासाठी मोटारचालकाला द्यावे लागतात ते अवघे तीन सेकंद.