परदेशातील विद्या आणि आपली भूमी



१९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि जग आपल्या उंबरठ्याशी आले. आता आपली मुलेही विद्येसाठी परदेशाची वाट धरू लागली आहेत. त्यांना आम्ही इरावतीबाई कर्वे यांचे स्मरण करून देतो.

बाई संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. युरोपीय वंश कवटीच्या घडणीनेच श्रेष्ठ, अशी त्यांचे मार्गदर्शक फिशर यांची धारणा होती. बाईंनी कवट्या मोजल्या. धारणेस आधार मिळेना, तेव्हा तसेच निर्भयपणे मांडले. परदेशवासाचे खरे फळ पदवी नव्हे, ही निर्भयता होय.

ती घेऊन मुलांनी परत यावे. आपल्या गेलेल्या मिठागरांचा, शेतांचा आणि १९८४ च्या जासईच्या लढ्यातील पाच हुतात्म्यांचा इतिहास पुराव्यानिशी लिहावा. समाजाने त्यांस हात द्यावा, ही विनंती.