‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे.

सोमवारी ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेताना कोणीतरी विचारतंच, “काय मग, रविवारी कुठे?” मी म्हणतो, सिंहगडला. “कोणाबरोबर?” इथे माझी गाडी अडते. इंग्रजीत ‘माय पार्टनर’ म्हणून सुटता येतं हो. मराठीत क्रियापदच चुगली करतं. पार्टनर ‘आला होता’ की ‘आली होती’? म्हणून मग ‘आम्ही’. आम्ही गेलो, आम्ही भिजलो, आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. सात वर्षं झाली, मी आणि तो या ‘आम्ही’त लपून राहतोय.

ऐकायला गंमत वाटते. पण प्रत्येक वाक्य चाळून बोलणाऱ्याची लोकांशी ओळख होते, मैत्री होत नाही. ऑफिसात मला ‘जरा शिष्टच आहे’ म्हणतात. त्यांचं तरी काय चुकलं?

कॉलेजातला एक मित्र होता. चार वर्षं एकाच रूमवर राहिलो. एकदा तिसऱ्याच कोणाबद्दल बोलताना तो हसत ‘तो’ शब्द बोलून गेला. कुठला, ते तुम्हाला माहितीय. मला उद्देशून नव्हता. पण त्या दिवसापासून मी त्याचे फोन उचलणं कमी केलं. त्याच्या लग्नालाही गेलो नाही. तो मला तोडेल अशी भीती होती, म्हणून मीच आधी तोडलं.

याला ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ म्हणतात. इलान मायर या अभ्यासकाने यावर बरंच लिहिलंय. प्रत्यक्ष भेदभाव तर छळतोच, पण तो कधीही होईल म्हणून सतत सावध राहण्यातही माणूस झिजतो.

‘उगाच घाबरतोस’ म्हणणाऱ्यांना मी रामचंद्र सिरस यांची गोष्ट सांगतो. नागपुरात शिकलेला हा माणूस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचा, कविता लिहायचा. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या घरात घुसले. सोबत एक पुरुष होता. निलंबित कोण झालं? सिरस. निवृत्ती काही महिन्यांवर होती. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ पाहिलात ना? मला त्यात कोर्टापेक्षा ती रिकामी खोली जास्त आठवते. कोर्ट नोकरी परत देऊ शकतं, पण संध्याकाळी दार वाजवणारं माणूस कुठून आणणार?

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला गुन्हेगारीच्या कलमातून बाहेर काढलं. २०२३ मध्ये लग्नाला मान्यता मात्र दिली नाही. म्हणून हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात मी अजून ‘मित्र’ लिहितो. आणि जो खरा मित्र होता, त्याच्याशी बोलत नाही. कसं आहे बघा.

मागच्या रविवारी त्याला व्हॉट्सॲप केलं. सगळं लिहिलं, ‘आम्ही’ न वापरता. ‘तो आला होता’ असं लिहिलं. दोन्ही टिक निळ्या झाल्यात. उत्तर अजून नाही.

आलं तर पुढच्या भागात सांगतो.